राणी मेरी स्टुअर्टची जपमाळ

आपल्यापैकी बहुतेकांच्या गळ्यात क्रूस किंवा मरियामातेचे पदक असते. लहानपणी कुणीतरी घातलेले असते आणि ते तिथे आहे हे आपण विसरूनही जातो. इंग्लंडमध्ये १५७१ साली असा कायदा झाला की, रोमहून आशीर्वादित होऊन आलेले क्रूस, जपमाळा आणि 'अग्नुस देई' देशात आणणे, वाटणे किंवा वापरण्यासाठी घेणे हा गुन्हा. शिक्षा म्हणजे तुरुंग आणि मालमत्तेची जप्ती. अग्नुस देई हे पास्काच्या मेणबत्तीच्या मेणाचे, देवाच्या कोकराचा ठसा असलेले आणि पोपमहोदयांनी आशीर्वादित केलेले छोटे पदक. मेण मोडू नये म्हणून ते डबीत बंद करून गळ्यात घालीत. हा कायदा झाला तेव्हा स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट त्याच देशात कैदेत होती.

मेरीचा जन्म ८ डिसेंबर १५४२ चा, म्हणजे आपल्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाचा दिवस. सहा दिवसांची असताना वडील वारले आणि ती राणी झाली. पाचव्या वर्षी तिला फ्रान्सला पाठविले. तिथल्या युवराजाशी लग्न झाले, तो राजा झाला आणि १५६० मध्ये मरणही पावला. अठरा वर्षांची ही विधवा १५६१ मध्ये मायदेशी परतली, तेव्हा तिथे प्रोटेस्टंट पंथाचे राज्य झाले होते. आपल्या महालातल्या चॅपेलात मिस्सा ऐकण्यासाठीही तिला विरोध सोसावा लागला.

तिला आम्ही संत म्हणून मांडत नाही, आणि ख्रिस्तसभेनेही तसे जाहीर केलेले नाही. दुसरा पती डार्नली याचा १५६७ मध्ये खून झाला. ज्या बॉथवेलवर संशय होता, त्याच्याशीच तिने तीन महिन्यांत लग्न केले, तेही प्रोटेस्टंट विधीने. तिच्या चाहत्यांना आजही याचे उत्तर देता येत नाही. सरदारांनी तिला कैद केले आणि एक वर्षाच्या मुलासाठी गादी सोडायला लावली. १५६८ मध्ये ती निसटली आणि एलिझाबेथ राणीच्या आश्रयाला इंग्लंडला गेली. एलिझाबेथ तिच्या वडिलांची मामेबहीण, म्हणजे नात्याने आत्याच. पण आश्रयाची कोठडी झाली ती जवळजवळ एकोणीस वर्षे. मेरीचे सुप्रसिद्ध मोती तिच्या सावत्र भावाने विकायला काढले. ते विकत घेतले याच आत्याने!

मोती गेले. क्रूस, जपमाळ आणि अग्नुस देई मात्र तिच्याजवळ राहिले.

एलिझाबेथला मारण्याच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून ८ फेब्रुवारी १५८७ रोजी फॉदरिंगे किल्ल्यात तिला मृत्युदंड दिला गेला. वय ४४. तिने आपला धर्मगुरू मागितला, तो दिला नाही. प्रोटेस्टंट डीनची प्रार्थना तिने नाकारली. हातात हस्तिदंती क्रूस, कमरेला जपमाळ, गळ्यात अग्नुस देई, अशी ती चौथऱ्यावर चढली. मरणाऱ्याच्या अंगावरचे जिन्नस मारेकऱ्याला मिळावेत अशी तेव्हाची रीत. त्याने गळ्यातल्या अग्नुस देईला हात घातला. मेरीने ते त्याच्याकडून सोडवून आपल्या एका सखीला दिले आणि त्याला त्याचे पैसे मिळतील असे सांगितले. काळा झगा उतरवल्यावर आत गडद लाल वस्त्र दिसले. आपल्या उपासनेत रक्तसाक्षींचा रंग लाल असतो, हे तिला ठाऊक होते.

नंतर जे घडले ते आम्हाला अधिक बोलके वाटते. रक्त लागलेली प्रत्येक वस्तू जाळली किंवा धुऊन टाकली. मारेकऱ्यांना पैसे देऊन रिकाम्या हाताने घालवले. लोक तिचे पवित्र अवशेष म्हणून एखादी चिंधीही जपतील, ही धास्ती होती.

तरी एक सोन्याची जपमाळ उरली. तीच तिने मरताना जवळ बाळगली होती आणि अरुंडेलच्या हॉवर्ड घराण्याकडे गेली, असे परंपरा सांगते. याच घराण्यातले फिलिप हॉवर्ड श्रद्धेपायी दहा वर्षे टॉवरमध्ये कैद भोगून १५९५ मध्ये तिथेच मरण पावले. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांना संत घोषित केले. जपमाळ अरुंडेल किल्ल्यात काचेच्या कपाटात ठेवलेली असे. २१ मे २०२१ च्या रात्री चोरांनी कपाट फोडून ती नेली. त्या वेळी किल्ल्याकडून सांगण्यात आले की, धातू म्हणून तिची किंमत फारशी नाही.