पार्किन्सन आजाराला ज्यांचं नाव मिळालं, त्यांनी नोंदवलेला पहिला रुग्ण होता माळी

हात थरथरतो, पाऊल उचलत नाही, शर्टाचं बटण लावायलाही वेळ लागतो. या आजाराला आपण पार्किन्सन म्हणतो. पण हे नाव आलं कुठून?

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनमधल्या हॉक्स्टन इथं झाला. वडिलांप्रमाणे तेही डॉक्टर झाले आणि आयुष्यभर त्याच वस्तीत राहिले. टोपणनावानं त्यांनी सरकारवर टीका करणारी पत्रकं लिहिली. १७९४ मध्ये राजाच्या हत्येच्या कथित कटाबद्दल त्यांची चौकशीही झाली. जीवाश्मांचा अभ्यास हा त्यांचा दुसरा नाद. १८०७ साली लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी स्थापन करणाऱ्यांमध्ये ते होते.

१८१७ मध्ये, वयाच्या ६२व्या वर्षी, त्यांनी कंपवातावर ६६ पानांचा निबंध लिहिला. त्यात फक्त सहा माणसांच्या नोंदी होत्या. काही जण तर त्यांना रस्त्यातच दिसले होते. पहिली नोंद होती पन्नाशी ओलांडलेल्या एका कष्टाळू माळ्याची.

हा आजार कशामुळे होतो, ते पार्किन्सन यांना कळलं नाही. २१ डिसेंबर १८२४ रोजी त्यांचं निधन झालं. पुढे फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी आजाराला त्यांचं नाव दिलं.

कीटकनाशकांचा काय संबंध?

त्या माळ्याच्या काळात आजची रासायनिक कीटकनाशकं नव्हती. पण शेतात राबणारी माणसं आणि हा आजार यांचं नातं नंतर संशोधनातून पुढे आलं. मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत गेल्या की हालचाल मंदावते. रोटेनोन हे कीटकनाशक पेशींची ऊर्जानिर्मितीच अडवतं. २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात रोटेनोन किंवा पॅराक्वाट हे तणनाशक वापरलेल्यांमध्ये पार्किन्सनचं प्रमाण सुमारे अडीच पट आढळलं. २०१२ मध्ये फ्रान्सनं शेतकऱ्यांसाठी हा व्यवसायजन्य आजार मानला. अर्थात वय, आनुवंशिकता अशी इतर कारणंही असतात.

काही कीटकनाशकांचा परिणाम मात्र काही तासांतच दिसतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं नसांकडून स्नायूंना जाणारा संदेश थांबूच देत नाहीत. स्नायू फडफडतात, मग लुळे पडतात, श्वास अडकतो. पार्किन्सन यांच्या निबंधाला २०० वर्षं झाली त्याच वर्षी, २०१७ मध्ये, यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले.

तुम्ही काय कराल?

फवारणी भिवंडीजवळच्या दिघाशीत असो की यवतमाळात, हातमोजे आणि मास्क घाला. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला फवारू नका. काम झालं की साबणानं अंघोळ करा आणि कपडे वेगळे धुवा. घरातल्या कुणाचा हात थरथरू लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा आणि किती वर्षं, कोणतं औषध फवारलं, हे न विचारताही सांगा.