रिचर्ड डिंबलबी

फ्रेडरिक रिचर्ड डिंबलबी (२५ मे, १९१३ - २२ डिसेंबर, १९६५) हे ब्रिटिश पत्रकार आणि नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील ख्यातनाम निवेदक होते. बीबीसीचे पहिले युद्धवार्ताहर म्हणून ते ओळखले जातात.

सुरुवातीचे जीवन

डिंबलबी यांचा जन्म इंग्लंडमधील रिचमंडजवळ झाला. त्यांचे शिक्षण मिल हिल स्कूलमध्ये झाले. घराण्याच्या मालकीच्या स्थानिक वृत्तपत्रात त्यांनी पत्रकारितेचे पहिले धडे घेतले. त्या काळी बीबीसीच्या बातम्या मुख्यतः वृत्तसंस्थांच्या मजकुरावरून वाचल्या जात. बातमीदाराने घटनास्थळी जाऊन प्रत्यक्ष पाहिलेले सांगावे, अशी सूचना डिंबलबी यांनी पत्राद्वारे बीबीसीला केली. १९३६ मध्ये ते तेथे रुजू झाले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी लंडनमधील क्रिस्टल पॅलेस आगीत भस्मसात झाला, तेव्हा त्यांनी घटनास्थळावरून दूरध्वनीने वृत्त प्रसारित केले.

युद्धवार्ताहर

१९३९ मध्ये ब्रिटिश सैन्यासोबत ते फ्रान्सला गेले. पुढे मध्यपूर्वेतून त्यांनी पाठवलेली वार्तापत्रे लष्करी मुख्यालयाच्या दृष्टिकोनाला फार धरून असतात, अशी टीका झाली. १९४२ मध्ये त्यांना परत बोलावण्यात आले. जानेवारी १९४३ मध्ये गाय गिब्सन यांच्या लँकेस्टर विमानातून ते बर्लिनवरील बाँबहल्ल्यात सहभागी झाले. अशा सुमारे वीस मोहिमांचा त्यांनी अनुभव घेतला.

एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश फौजांनी बर्गन-बेल्सन ही नाझी छळछावणी मुक्त केली. तेथे सर्वप्रथम पोहोचलेल्या वार्ताहरांपैकी डिंबलबी एक होते. प्रेतांचे खच आणि उपासमारीने मरणोन्मुख झालेले बंदी यांचे त्यांनी केलेले वर्णन बीबीसीच्या संपादकांना अविश्वसनीय वाटले आणि प्रसारण लांबणीवर पडले. वृत्त प्रसारित न झाल्यास आपण राजीनामा देऊ, असे डिंबलबी यांनी बजावले. अखेर १९ एप्रिल रोजी ते प्रसारित झाले. छळछावण्यांचे भीषण वास्तव सामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचवणारे हे वृत्त नभोवाणीच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते.

दूरचित्रवाणी

युद्धानंतर बीबीसीची नोकरी सोडून त्यांनी स्वतंत्र निवेदक म्हणून काम सुरू केले. २ जून, १९५३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमधून राणी एलिझाबेथ द्वितीय यांच्या राज्याभिषेकाचे दूरचित्रवाणीवरील समालोचन त्यांनी केले. ब्रिटनमध्ये सुमारे दोन कोटी लोकांनी हा सोहळा पाहिला. १९५५ पासून ते 'पॅनोरमा' या साप्ताहिक कार्यक्रमाचे सूत्रधार होते. १ एप्रिल, १९५७ रोजी या कार्यक्रमात स्वित्झर्लंडमध्ये झाडांना लागणाऱ्या स्पॅगेटीची थट्टा त्यांनी अत्यंत गंभीर स्वरात सादर केली. अनेक प्रेक्षकांना ती खरी वाटली, इतका त्यांच्या शब्दावर लोकांचा विश्वास होता. राजघराण्याविषयी त्यांचा सूर अतिआदराचा असतो, असा आक्षेपही काहींनी घेतला. जानेवारी १९६५ मधील विन्स्टन चर्चिल यांच्या शासकीय अंत्यविधीचे समालोचन हे त्यांच्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी होय.

आजार आणि निधन

१९६० मध्ये निदान झालेल्या कर्करोगाशी झुंजत त्यांनी पाच वर्षे काम सुरू ठेवले. या रोगाचे नाव उच्चारणेही टाळले जाई, अशा काळात १९६५ मध्ये त्यांच्या आजाराची जाहीर वाच्यता करण्यात आली. त्यानंतर हजारो लोकांनी त्यांना पत्रे लिहिली. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

त्यांच्या स्मरणार्थ १९६६ मध्ये कर्करोग निधी स्थापन झाला आणि १९७२ पासून 'रिचर्ड डिंबलबी व्याख्यान' सुरू झाले. १९९० मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील 'पोएट्स कॉर्नर' येथे त्यांचा स्मृतिफलक बसवण्यात आला. हा मान मिळालेले ते पहिले प्रसारक होत. त्यांचे पुत्र डेव्हिड व जोनाथन हेही नामवंत निवेदक आहेत.