विश्लेषण : गाणे बंद असतानाही कुमार गंधर्वांचे संगीत कसे वाढत राहिले?

व्यावसायिक गायक दिवसाचे दोन-चार तास रियाज करतो. उरलेल्या वीस तासांत तो काय करतो, यावर त्याच्या गाण्यातले नवेपण किती अवलंबून असते? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर पंडित कुमार गंधर्वांच्या आयुष्याइतके ठळक उदाहरण सापडणे कठीण. ऐन पंचविशीच्या आसपास क्षयरोगामुळे त्यांचे गाणे जवळपास पाच वर्षे थांबले. त्या काळात रियाज नव्हता, मैफल नव्हती. तरीही पुढच्या चाळीस वर्षांच्या गाण्याचे बरेचसे बी याच काळात पडले. ते कसे, याचा हा आढावा.

आजारापूर्वीचे कुमार कसे होते?

८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी येथे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म झाला. ग्रामोफोनच्या तबकड्यांवर ऐकलेले मोठमोठ्या गवयांचे गाणे हा मुलगा जसेच्या तसे गाऊन दाखवी. ‘कुमार गंधर्व’ हे नाव त्याला बालपणीच मिळाले. १९३६ मध्ये, वयाची बारा वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्याने मुंबईच्या जाणकारांना थक्क केले. त्यानंतर प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे रीतसर शिक्षण झाले. देवधरांची शाळा एका घराण्याला बांधलेली नव्हती. तेथे अनेक घराण्यांचे गवई येत, गात, वाद घालत. अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही कुमारांना तालीम मिळाली. सगळ्यांचे ऐकायचे आणि मग स्वतः विचार करायचा, ही सवय येथेच लागली.

देवासला का जावे लागले?

१९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयरोगाचे निदान झाले. त्या काळी क्षय म्हणजे बहुतेकांसाठी मृत्यूची चाहूल होती. मुंबईची दमट हवा सोडून कोरड्या हवेत राहणे हा तेव्हाचा नेहमीचा सल्ला. त्यानुसार १९४८च्या जानेवारीत हे दांपत्य माळव्यातील देवासला आले. इंदूरजवळचे हे गाव पवार घराण्याच्या दोन मराठा संस्थानांचे. गावाच्या टेकडीवर चामुंडा आणि तुळजाभवानी यांची देवळे आहेत. मराठी कुटुंबांची वस्ती असलेल्या या गावात घर तर मिळाले, पण डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली होती. भानुमतींनी शाळेत नोकरी करून घर चालवले आणि पतीची शुश्रूषाही केली.

अंथरुणावर पडून त्यांनी काय केले?

थोडक्यात उत्तर : ऐकले. घराजवळून जाणाऱ्या बायकांची गाणी, लग्नाची, बारशाची, पावसाची, सणावारांची गाणी, जोगी आणि भिक्षेकऱ्यांची भजने त्यांच्या कानावर पडत. पूर्वी मैफलीच्या धावपळीत अशा आवाजांकडे लक्ष देण्यास सवड नव्हती. आता दुसरे कामच नव्हते. हळूहळू ते ऐकणे नुसते ऐकणे राहिले नाही. शब्द लिहून घ्यायचे, चालीचे स्वरलेखन करायचे, एकाच गाण्याची दुसऱ्या गावातली चाल ताडून पाहायची, असे काम सुरू झाले. भानुमती स्वतः गायिका असल्याने या कामात त्यांची साथ मोलाची होती.

देवासमध्ये नाथपंथी शीलनाथ महाराजांची धुनी आहे. तेथील परंपरेतली निर्गुणी भजनेही कुमारांपर्यंत पोहोचली. कबीराची पदे पुढे त्यांच्या मैफलीची ओळख बनली, त्यामागे हे ऐकणे आहे.

लोकगीतांचे राग कसे झाले?

माळव्याच्या अनेक लोकगीतांत चार-पाच स्वरच असतात. पण त्या मोजक्या स्वरांची ठेवण अशी असते, की एखाद्या रागाचा गाभा त्यात दिसावा. राग शास्त्राच्या पुस्तकातून आलेले नसून लोकधुनांतून उगवले आहेत, या विचारापर्यंत कुमार येथे पोहोचले. मग उलटा प्रवास सुरू झाला. अजून राग न बनलेल्या धुना घ्यायच्या आणि त्यांचा विस्तार शोधायचा. यातून आलेल्या रागांना त्यांनी ‘धुनउगम राग’ म्हटले. मालवती, सहेली तोडी, संजारी, मघवा, लगनगंधार अशी त्यांच्या नवनिर्मित रागांची नावे रसिकांच्या परिचयाची आहेत.

‘शोक’ या टोपणनावाने त्यांनी असंख्य बंदिशी बांधल्या. त्यांचा संग्रह असलेला ‘अनूपरागविलास’चा पहिला भाग १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला.

एरवीच्या सवयी कोणत्या होत्या?

पहिली सवय तंबोऱ्याची. तंबोरे जुळवण्याबाबत कुमार अतिशय काटेकोर होते. जवारी नीट लागली नाही, तर गाणे सुरू होत नसे. त्यांच्या दृष्टीने तंबोरा हा केवळ आधारस्वर नव्हता. त्यातून उमटणारे सूक्ष्म स्वर ऐकणे हाच रियाजाचा एक भाग होता. घसा न वापरता करता येण्याजोगा हा रियाज आजारी माणसालाही शक्य होता, हे विशेष.

दुसरी सवय ऋतूंकडे पाहण्याची. पाऊस, थंडी, वसंत हे त्यांच्यासाठी बंदिशीतले नुसते शब्द नव्हते. ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ असे संपूर्ण कार्यक्रम त्यांनी एकेका ऋतूभोवती रचले.

तिसरी सवय संगीताबाहेरच्या माणसांत बसण्याची. इंदूरचे रसिकाग्रणी रामूभैया दाते, संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर, रंगकर्मी बाबा डिके हे त्यांचे स्नेही. चित्र, नाटक, वृत्तपत्र असे वेगवेगळे व्यवसाय असलेल्या या मित्रांच्या गप्पांत रागाइतकीच रंगरेषांचीही चर्चा होई.

चौथी सवय आवडत्या कलावंताचा अभ्यास करण्याची. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम त्याचा पुरावा. लहानपणी जी नक्कल होती, तिची जागा आता समजून घेण्याने घेतली होती. तुकारामांच्या अभंगांवर आणि भा. रा. तांबे यांच्या कवितांवरही त्यांनी असेच कार्यक्रम केले.

गाणे परत आले तेव्हा काय बदलले?

स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध तेव्हा भारतात नुकतेच मिळू लागले होते. त्याचा उपयोग झाला आणि १९५३च्या सुमारास कुमार पुन्हा मैफलीत गाऊ लागले. मात्र फुप्फुसाचे नुकसान कायमचे होते. पूर्वीसारखा लांब दमसास आता शक्य नव्हता. त्यांनी छोटे, धारदार स्वरसमूह आणि अचूक जागी घेतलेले विराम यांतून वेगळी गायकी घडवली. शांततेचाही त्यांनी गाण्यात वापर केला. घराण्याची चौकट मोडल्याबद्दल आणि विलंबित ख्यालाच्या मांडणीबद्दल त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. ती अखेरपर्यंत पूर्ण थांबली नाही.

१९६१ मध्ये भानुमतींचे निधन झाले. पुढे वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह झाला आणि मैफलीतही त्यांची साथ मिळाली. १९७७ मध्ये पद्मभूषण, १९९० मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांच्या वाट्याला आले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथेच त्यांचे निधन झाले.

मग आजाराने गायक घडवला का?

असे म्हणणे सोपे आहे, पण चुकीचे. त्या काळात क्षयाने असंख्य माणसे गेली आणि त्यात गाणारेही असतील. कुमार वाचले ते औषधामुळे, भानुमतींच्या पगारामुळे आणि आपुलकीने जपणाऱ्या मित्रांमुळे. आजाराने सक्तीची विश्रांती दिली. तिचा उपयोग कसा झाला, हे मात्र ऐकण्याच्या सवयीने ठरवले. ती सवय नसती, तर ती पाच वर्षे रिकामी गेली असती.

आजच्या गाणाऱ्यांनी काय घ्यावे?

त्यासाठी माळव्यात जाण्याची गरज नाही. बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशसारख्या गावात भालचंद्र गणपतीचे देऊळ आहे, आणि जात्यावरच्या ओव्या पाठ असलेल्या आजी मराठवाड्याच्या गावागावांत अजून भेटतात. जाती थांबली तशा ओव्याही विरत चालल्या आहेत. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, म्हणजे ध्वनिमुद्रणाची सोयही आहे. कुमारांना वही-पेन्सिल पुरली होती. रोज एक चाल लक्ष देऊन ऐकणे, ती टिपून ठेवणे आणि तिच्यात कोणते स्वर आहेत हे शोधणे, एवढे कोणत्याही शिकाऊ गायकाला जमण्यासारखे आहे. आवाज बसलेला असेल, त्या दिवशीही.