पंडिता रमाबाई : भोळी समजूत आणि खरा भरवसा

देवावर भरवसा ठेवणे आणि देवाला आपल्या मुठीत धरू पाहणे, या दोन गोष्टी बाहेरून पुष्कळदा सारख्याच दिसतात. दोहोंत प्रार्थना असते, उपवास असतो, देवाचे नाव ओठांवर असते. परंतु एकीत मनुष्य स्वतःला देवाच्या स्वाधीन करतो आणि दुसरीत तो देवालाच आपल्या इच्छेच्या स्वाधीन करू पाहतो. हा भेद ज्यांनी केवळ ग्रंथांतून नव्हे, तर आपल्या आयुष्याचे मोल देऊन जाणला, अशा थोर व्यक्तींत पंडिता रमाबाईंची गणना केली पाहिजे. आपल्या कर्जत तालुक्याच्या दक्षिणेकडून भीमा वाहते. तिच्या पलीकडे दौंड तालुका लागतो आणि दौंडहून पुण्यास जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव आहे. नगरजवळचे केडगाव ते हे नव्हे. याच केडगावी बाईंचे ‘मुक्ती मिशन’ आहे. म्हणजे एका अर्थी त्या आपल्या शेजारीणच होत. आणि शेजारच्या घरचा इतिहास आपल्यास ठाऊक असावा हे उचित आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये अशी त्या काळची रूढी असता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करला. पुढे मातेने हीच विद्या कन्येस दिली. रमाबाई तान्ह्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि गावोगाव पुराणे वाचीत अवघ्या हिंदुस्थानभर फिरले.

सन 1874 च्या सुमारास त्यांच्यावर दारुण प्रसंग आला. दक्षिणेत दुष्काळ पडला होता. पुराणवाचनावर मिळणारी दक्षिणा आटली. तेव्हा या भाविक कुटुंबाने नित्याची व्रते आणखी कडक केली. पवित्र कुंडांत स्नाने केली, दिवसरात्र मूर्तींपुढे बसून नामजप केला, दानधर्मात होते नव्हते ते खर्चिले. दागिने गेले, तांब्यापितळेची भांडी गेली, अंगावरची चांगली वस्त्रेही गेली. अंगमेहनत करावी हा विचार मात्र पंडिताच्या घरात कोणाच्या मनास शिवला नाही, कारण तसे करणे कमीपणाचे वाटे. शेवटी पाणी आणि रानपाला यांवर दिवस काढण्याची पाळी आली आणि वृद्ध शास्त्रीबोवांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. त्या वेळी थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान सोडून मोलमजुरी करीन, असे त्याने वडिलांस सांगितले व त्यांस त्या निश्चयापासून परावृत्त केले.

तथापि फार उशीर झाला होता. थोड्याच काळात वडील, मग आई आणि पुढे थोरली बहीणही गेली. मरणसमयी वडिलांनी रमाबाईंस जवळ घेऊन आपण तिला देवाच्या हाती सोपविले असल्याचे सांगितले व त्याचीच सेवा करण्याचा उपदेश केला. ज्या घराचा कर्मकांडाने नाश ओढवला, त्याच घरातून खऱ्या भरवशाचे हे बीज रमाबाईंस मिळाले, हे आपण विसरता कामा नये. पित्याची भक्ती खोटी नव्हती. तिची वाट तेवढी चुकली होती.

यानंतर भावंडे पायी हिंडत 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंचे पांडित्य पाहून त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या अर्पण केल्या. 1880 मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. परंतु 1882 मध्ये पटकीने त्यांचेही देहावसान झाले. पदरी मनोरमा ही लहान मुलगी. अशा स्थितीत रमाबाई पुण्यास आल्या, ‘आर्य महिला समाज’ स्थापिला आणि 1883 मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथील भगिनीसंघात राहत असता 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा झाला म्हणजे सर्व संपले, असे समजणाऱ्यांनी यापुढील भाग लक्षपूर्वक वाचावा. एक बंधन टाकून दुसरे डोळे मिटून गळ्यात घालण्यास रमाबाई तयार नव्हत्या. चर्चमधील पुष्कळ मतांविषयी त्यांनी आपल्या गुरुभगिनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून निर्भयपणे वाद केला. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत असे त्यांस सुचविण्यात आले, तेव्हा त्यांनी संस्कृत अक्षरांचा आग्रह धरला. जी भाषा आपल्यास समजत नाही व आपल्या देशबांधवांस वाचता येत नाही, तिच्यात काही विशेष पावित्र्य आहे असे त्या मानीत नसत. गोष्ट लहान दिसते, पण तिच्यातील तत्त्व मोठे आहे. न कळणाऱ्या अक्षरांत शक्ती आहे असे मानू लागलो, की क्रूसाचा ताईत होण्यास कितीसा वेळ लागणार?

याहूनही कठोर परीक्षा त्यांनी स्वतःची घेतली. अमेरिकेतील मित्रांच्या साह्याने 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईस ‘शारदा सदन’ उघडले आणि पुढील वर्षी ते पुण्यास नेले. या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हे गृहस्थ वर्षानुवर्षे उपदेशपीठावरून प्रवचने करीत होते आणि मग आपल्यातच खरा विश्वास नाही हे त्यांस उमगले होते. ते वाचून रमाबाईंनी आपल्या अंतःकरणात पाहिले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होऊन गेली होती. आपल्यास ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो अद्याप मिळालेला नाही, असा कबुलीजबाब या विख्यात विदुषीने पुढे छापून प्रसिद्ध केला. तेव्हापासून त्यांनी विधींवर व मतांवर विसंबणे सोडले आणि केवळ तारणाऱ्याच्या चरणी आश्रय घेतला.

मग हा भरवसा कसा दिसला? 1896 च्या दुष्काळात मध्यप्रांतातील मुलींची उपासमार ऐकून त्यांस आपले बालपण आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे 300 मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे केडगावी घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय करावी लागली. शारदा सदनास अमेरिकेतून दहा वर्षांपुरते साह्य कबूल झाले होते. ती मुदत 1898 मध्ये संपली, तेव्हा माणसांच्या वचनापेक्षा देवावर विसंबून कार्य चालविण्याचे त्यांनी ठरविले. 1900 च्या दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दीड हजारांहून अधिक झाली. पैसा नसे तेव्हा प्रार्थना होई. परंतु प्रार्थनेबरोबर कुदळही चाले. विहिरी खणल्या, फळझाडे लावली, माग बसविले, तेलाचा घाणा व छापखाना चालविला. पंडितांच्या घरात कष्टाला कमीपणा मानणारी मुलगी आता शेकडो मुलींस हातांनी काम करण्यास शिकवीत होती. देवाने पाणी द्यावे अशी प्रार्थना करणे आणि त्याच वेळी विहीर खणणे, यांत त्यांस विसंगती वाटली नाही. आपल्या या अवर्षणाच्या प्रदेशात हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

1905 साली मुक्तीमध्ये मोठी आध्यात्मिक जागृती झाली. मुली पापांसाठी रडू लागल्या आणि पुढे काहींस अन्य भाषांत बोलण्याचे दानही लाभले. अशा प्रसंगी चमत्काराचा बोलबाला करण्याचा मोह अनावर असतो. बाईंनी जागृती दडपली नाही. परंतु अमुक एक बाह्य चिन्ह प्रत्येकात दिसलेच पाहिजे, हे मत त्यांनी मान्य केले नाही. अखेरची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यास वेचली. खेड्यातील साध्या बाईस देवाचे वचन समजावे हा त्यामागील हेतू. न समजता पूजलेला ग्रंथ त्यांस पुरेसा वाटत नव्हता. 24 जुलै 1921 रोजी मनोरमा वारली. रमाबाईंच्या सर्व योजना या कन्येवर उभ्या होत्या. तरीही हाती घेतलेले भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थिमित्रहो, हे चरित्र वाचून आपल्यापैकी ख्रिस्ती मुलांनी दुसऱ्यांच्या धर्माकडे बोट दाखवू नये. आपल्याच घरांत दृष्ट लागू नये म्हणून तान्ह्या मुलाच्या गळ्यात क्रूस बांधतात, भुताच्या भयाने उशाखाली बायबल ठेवतात पण ते उघडीत नाहीत, परीक्षेच्या सकाळी डोळे मिटून पान उघडतात आणि बोट पडेल त्या वचनावरून यशापयशाचा कौल घेतात. या वस्तू पवित्र आहेत, परंतु आपण त्यांचा उपयोग मात्र भयापोटी करतो. भय आणि भरवसा एका अंतःकरणात फार काळ नांदत नाहीत. प्रार्थनेने अभ्यासाची उणीव भरून काढण्याची इच्छा ही त्याच भोळ्या समजुतीची धाकटी बहीण होय.

आणि म्हणूनच प्रार्थना सोडावी, असाही अर्थ कोणी काढू नये. रमाबाईंएवढी प्रार्थना करणारी व्यक्ती महाराष्ट्रात विरळा. फरक इतकाच, की त्यांची प्रार्थना संपली म्हणजे त्यांचे हात कामास लागत. आणि मागितलेले मिळाले नाही, तरी त्यांचा देव हरवत नसे. एकुलती एक कन्या गेल्यावरही ज्यांचा भरवसा ढळला नाही, त्यांनी तो कोणत्या ताइतात ठेवला नव्हता हे उघड आहे. आपला भरवसा कशात आहे, हे आपणही एकांतात स्वतःस विचारून पाहावे.