एकाच माणसाच्या नावाचे दोन स्पार्क प्लग: अल्बर्ट चॅम्पियनची गोष्ट

समजा तुम्ही बोटीचं जुनं पेट्रोल इंजिन, एखादं अमेरिकन व्ही-८, पूर्ण खोलून नव्याने बांधलंय. रिंगा नव्या, गॅस्केट नवी, आता फक्त प्लग घ्यायचे राहिलेत. मोबाईलवर शोधायला गेलात की दोन नावं हमखास समोर येतात: चॅम्पियन आणि एसी. दोन्हींचे चाहते एकमेकांशी तावातावाने भांडतात. गंमत म्हणजे ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत. एसी म्हणजे भिंतीवरचा एसी नाही, अल्टरनेटिंग करंटही नाही. ती अल्बर्ट चॅम्पियनची आद्याक्षरं आहेत.

हा मूळचा पॅरिसचा, जन्म १८७८ चा. फ्रेंच उच्चार आल्बेर शांपियाँ. चॅम्पियन हे टोपणनाव वगैरे नाही, खरंखुरं आडनाव आहे. वडील लहानपणीच गेले, घरची परिस्थिती बेताची, म्हणून पोरगा एका सायकलवाल्याकडे कामाला लागला आणि तिथून रेसिंगमध्ये शिरला. १८९९ साली त्याने पॅरिस-रुबे ही शर्यत जिंकली. खडबडीत दगडी रस्त्यांवरची ही शर्यत आजही होते आणि भल्याभल्यांना रडवते.

पण त्याचा खरा प्रांत होता तो मोटरमागून सायकल पळवण्याचा. पुढे मोटरसायकल हवा कापत जाते आणि मागे सायकलस्वार तिला जवळजवळ चिकटून पळतो. अशा शर्यतीत पुढचं इंजिन मध्येच फटफटलं, तर मागच्याचा वेग आणि जीव दोन्ही धोक्यात. इंजिनचं ‘मिसफायर’ त्याने पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पाठीमागे बसून अनुभवलेलं होतं.

१९०० मध्ये तो अमेरिकेला गेला. तिथे मोटार शर्यतीतही उतरला आणि १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रायटन बीचवर त्याच्या पॅकार्ड गाडीला भीषण अपघात झाला. मांडीचं हाड मोडलं. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. याने १९०४ मध्ये फ्रान्सला जाऊन मोटरमागच्या सायकलिंगचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि मगच रेसिंग सोडलं.

१९०५ मध्ये बॉस्टनला कंपनी सुरू झाली. नाव त्याचं, भांडवल स्ट्रॅनाहन बंधूंचं. फ्रान्सहून मॅग्नेटो आणि प्लगचं सामान आणून विकायचं, हळूहळू स्वतः बनवायचं. १९०८ मध्ये भागीदारांशी बिनसलं. चॅम्पियन मिशिगनमधल्या फ्लिंटला विल्यम ड्युरांटला भेटला. ड्युरांट तेव्हा ब्यूइक चालवत होता आणि त्याच वर्षी त्याने जनरल मोटर्स उभी केली. त्याच्या पाठिंब्यावर फ्लिंटमध्ये नवा कारखाना निघाला.

आता पेच बघा. स्ट्रॅनाहन म्हणाले, चॅम्पियन हे नाव आमच्या कंपनीचं आहे. म्हणजे ज्याचं आडनाव, त्यालाच ते प्लगवर छापता येईना! रोज कोड लिहिणाऱ्या मला हे गिटहबच्या फोर्कसारखं वाटतं: मूळ डेव्हलपर बाहेर पडला, पण रिपॉझिटरीचं नाव जुन्या मंडळींकडेच राहिलं. त्याने मुकाट्याने आद्याक्षरं वापरली आणि १९२२ मध्ये कंपनीच ‘एसी स्पार्क प्लग’ झाली. स्ट्रॅनाहन बंधूंनी टोलेडोला जाऊन चॅम्पियन नावाने तेच केलं. मला विचाराल तर या भांडणाचा फायदा ग्राहकालाच झाला. एकाच्या जागी दोन जबरदस्त कारखाने उभे राहिले.

प्लगमध्ये इतकं काय असतं? सगळा खेळ उष्णतेचा. प्लगच्या टोकाशी असलेलं पांढरं सिरॅमिक साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं तर काजळी धरतं. ८५० च्या वर गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. सिरॅमिकचं नाक लांब असेल तर उष्णता हळू बाहेर जाते, तो ‘हॉट’ प्लग. आखूड असेल तर ‘कोल्ड’. कार उतारावर, सिग्नलला दम खाते. बोट मात्र पाणी ढकलत सतत चढावर असल्यासारखी चालते. म्हणून कारमधल्या तशाच इंजिनाचा प्लग बोटीत जसाच्या तसा टाकू नये. एसीच्या ‘एमआर४३एलटीएस’मधला ‘एम’ मरीनचा, म्हणजे बोटीचा, आणि ३ हा आकडा उष्णतेचा. इथे आकडा मोठा तितका प्लग हॉट. चॅम्पियनमध्येही तसंच. पण एनजीकेमध्ये बरोब्बर उलटं! म्हणून कोड बदलताना नुसता आकडा जुळवू नका, तक्ता बघा.

आणि नवीन बांधलेल्या इंजिनात रिंगा बसेपर्यंत थोडं तेल जळतंच. प्लग काळे दिसले म्हणून लगेच हॉट प्लग लावायची घाई नको. आधी मॅन्युअलमधलाच लावा. कॉम्प्रेशन वाढवलं असेल तर मात्र एक पायरी कोल्डचा विचार करा.

सतत लोडवर चालणाऱ्या प्लगची सर्वांत गाजलेली परीक्षा झाली मे १९२७ मध्ये. चार्ल्स लिंडबर्ग एकटा न्यूयॉर्कहून पॅरिसला उडाला, साडेतेहेतीस तास, मध्ये कुठेही न थांबता. विमानाला एकच इंजिन, ९ सिलिंडर, प्रत्येकाला दोन म्हणजे १८ प्लग. सगळे एसीचे. खाली अटलांटिक, आणि ज्या शहरात तो उतरला ते चॅम्पियनचं जन्मगाव.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चॅम्पियन पॅरिसला गेला असताना तिथेच वारला. वय अवघं ४९. पेर-लाशेज स्मशानभूमीत त्याला पुरलं. पुढे एसी हे नाव डेल्कोशी जोडलं जाऊन ‘एसीडेल्को’ झालं. चॅम्पियनचे प्लगही आज मिळतात, आणि दोन्ही बोटींच्या इंजिनात बसतात.