थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर

आपल्या पनवेल तालुक्यातल्या गावांत घरोघरी कुत्री, कोंबड्या, शेरडं, गुरं असतात. त्यांचे साथीचे रोग लस टोचून अडवता येतात हे ज्यांनी दाखवले, त्या लुई पाश्चर यांची माहिती मी लिहीत आहे.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्स देशातील दोल या गावी झाला. वडील कातडी कमावत. लहानपणी लुई अभ्यासात फार पुढे नव्हते, पण चित्रे छान काढीत. १८३१ साली त्यांच्या भागात एक पिसाळलेला लांडगा आला आणि दिसेल त्याला चावत सुटला. चावलेल्या माणसांना लोहाराकडे नेऊन तापलेल्या सळईने जखमेवर डाग दिले. हे लहानग्या लुईने पाहिले होते. (आपल्याकडे अजून काही जण कुत्रा चावल्यावर मिरचीपूड नाहीतर चुना लावतात. तेही तसलंच!)

पुढे ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८६५ पासून त्यांनी रेशमाच्या किड्यांच्या रोगाचा अभ्यास केला. १८६८ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू अधू झाली, तरी काम सोडले नाही.

१८७९ साली ते कोंबड्यांच्या पटकीचा अभ्यास करीत होते. बरेच दिवस ठेवलेले जुने जंतू टोचले तेव्हा कोंबड्या मेल्या नाहीत. मग त्याच कोंबड्यांना ताजे जंतू टोचले, तरी त्या जगल्या! अशक्त जंतू अंगात गेले की अंग लढायला शिकते, हे त्यांनी ओळखले. या जंतूला पुढे पाश्चर यांच्यावरूनच पाश्चुरेला नाव पडले. पावसाळ्यात गुरांना घटसर्प होतो तोही याच जंतूमुळे. त्याची लस पावसाळ्याआधी टोचतात. तेव्हा दूध कमी होईल म्हणून काही लोक जनावर पुढे आणत नाहीत, ते मला पटत नाही. दूध थोडे दिवस कमी येईल, पण म्हैसच मेली तर?

१८८१ साली त्यांनी लोकांसमोर फाशी रोगाच्या लशीची परीक्षा दिली. २४ मेंढ्यांना लस टोचली, २४ मेंढ्या तशाच ठेवल्या. ३१ मे रोजी सर्वांना रोगाचे जंतू टोचले. २ जूनला बघायला गर्दी जमली. लस टोचलेल्या मेंढ्या उभ्या होत्या. बाकीच्या त्या दिवसाअखेर सगळ्या मेल्या.

मग त्यांनी पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, हाती घेतला. त्याचा विषाणू त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नसे. रोगी सशांचा मज्जारज्जू सुकवून त्यांनी लस बनवली आणि कुत्र्यांवर वापरून पाहिली. ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला ठिकठिकाणी चावे घेतले होते. पाश्चर डॉक्टर नव्हते. मुलगा दगावला असता तर दोष त्यांच्यावर आला असता. आणि लस दिली नसती तर त्याच्या वाचण्याची आशा फार थोडी होती. त्यांनी डॉक्टरांकरवी दहा दिवसांत १३ इंजेक्शने दिली. रात्री पाश्चरांना झोप येत नसे. जोसेफ वाचला.

आता ही लस दंडात देतात, पोटात नाही, म्हणून घाबरायचं कारण नाही. कुत्रा किंवा मांजर चावले, नुसते ओरखडले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही. पाळलेल्या कुत्र्यालाही दरवर्षी लस टोचून घ्यावी लागते.

१८८८ साली पॅरिसमध्ये पाश्चर यांच्या नावाची संस्था निघाली. तेथे काम केलेले हाफकिन पुढे मुंबईला आले आणि १८९७ साली त्यांनी प्लेगची लस तयार केली. परळला त्यांच्या नावाची संस्था आहे. पनवेलहून ती काही फार लांब नाही.

पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी वारले. या दिवशी जगभर रेबीज दिन पाळतात. त्यांची समाधी त्याच पॅरिसच्या संस्थेत आहे. जोसेफ मोठा झाल्यावर तेथेच द्वारपाल म्हणून कामाला लागला.