बीडीडी चाळी बांधणारा गव्हर्नर: जॉर्ज लॉइडचं 50 हजार खोल्यांचं स्वप्न

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 556 कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून थेट 500 चौरस फुटांचं घर, तेही मोफत. बातमी सगळीकडे झाली. पण या चाळी मुळात बांधल्या कोणी आणि पैसा कुणाचा होता, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

त्यासाठी जावं लागतं जॉर्ज लॉइडकडे.

लॉइडचा जन्म 1879 चा, इंग्लंडमधल्या श्रीमंत पोलाद कारखानदारांच्या घरातला. केंब्रिजमध्ये शिकायला गेला, पण पदवी न घेताच बाहेर पडला. 1910 मध्ये खासदार झाला. पहिल्या महायुद्धात त्याने अरब मुलखात काम केलं. डिसेंबर 1918 मध्ये तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर म्हणून आला.

आला तेव्हा शहराची अवस्था वाईट होती. इन्फ्लुएंझाची साथ नुकतीच येऊन गेली होती आणि महागाईने कहर केला होता. जानेवारी 1919 मध्ये लाखाहून जास्त गिरणी कामगार संपावर गेले. एकेका खोलीत दोन-दोन, तीन-तीन कुटुंबं राहत होती.

लॉइडने 1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे वेगळं खातं काढलं. बीडीडी हे नाव त्यातूनच आलं. योजना होती 625 चाळींची. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत 80 खोल्या, म्हणजे एकूण 50 हजार खोल्या.

पैशाची सोय त्याने तीन बाजूंनी केली. सरकारने लोकांकडून विकास कर्ज उभारलं. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर 1 रुपया कर लावला. आणि उरलेली भरपाई भाड्यातून व्हायची होती. कापसावर कमावणाऱ्या शहराने कापूस कामगाराच्या घराला हातभार लावायचा, असा तो हिशोब.

घोडं अडलं ते भाड्यावर. युद्धानंतर बांधकामाचा खर्च वाढला. खर्च भरून निघेल इतकं भाडं कामगाराला परवडत नव्हतं, म्हणून सरकारने तोटा सोसून भाडं कमी ठेवलं. तरी वरळीतल्या खोल्या कित्येक वर्षं रिकाम्या पडून होत्या, कारण गिरण्या लांब आणि आजूबाजूला बाजार, दिवाबत्ती, धड रस्ते नाहीत.

शेवटी 207 चाळींवर काम थांबलं. वरळीत 121, नायगावला 42, ना. म. जोशी मार्गावर 32 आणि शिवडीत 12. म्हणजे साधारण साडेसोळा हजार खोल्या, ठरवलेल्याच्या एक तृतीयांश.

याच खात्याचं दुसरं मोठं काम म्हणजे बॅकबेची समुद्रभरणी. तिचा खर्च हाताबाहेर गेला. खुर्शीद नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. लोक या भरणीला लॉइडचा वेडेपणा म्हणू लागले. लॉइड मात्र 1923 मध्येच परतला होता. गांधीजींना 1922 मध्ये अटक झाली तीही त्याच्याच कारकिर्दीत. पुढे तो इजिप्तमध्ये हाय कमिशनर झाला, 1940 मध्ये चर्चिलच्या सरकारात वसाहत मंत्री झाला आणि फेब्रुवारी 1941 मध्ये वारला.

रिकाम्या चाळींचं काय झालं? 1930 च्या सविनय कायदेभंगात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला गेला. नंतर त्या भरल्या, इतक्या की तीन-तीन पिढ्या त्याच खोलीत वाढल्या.

आता पुनर्विकास म्हाडा करते. पैसा येतो तो त्याच जागेवर बांधून विकायच्या जादा घरांमधून. वरळीच्या जमिनीला सोन्याचा भाव आहे, म्हणून हे गणित जमतं.

भिवंडीत ते तितकं सोपं नाही. 1982 च्या संपानंतर मुंबईचं बरंचसं कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलं जाऊ लागलं. पण जुन्या इमारतींसाठी 1969 च्या कायद्याने आलेला दुरुस्ती उपकर आणि दुरुस्ती मंडळ मुंबईच्या शहर भागापुरतं आहे, भिवंडीला ते लागू नाही. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे भिवंडीत तीन मजली इमारत कोसळली आणि 30 हून अधिक माणसं गेली.

भाड्यातून घराचा खर्च निघत नाही, हे लॉइडला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. वरळीत तो फरक जमिनीच्या भावाने भरून निघतोय. भिवंडीत तो कोण भरणार, हे अजून ठरायचं आहे.